करमाडच्या सेटचं सत्तेचाळिसावं कलम

आक्का,

तुमचं टेबल मी आवरलं. रागावू नका. "माझ्या टेबलाला कुणी हात लावायचा नाय," हे मी या घरात आले त्या दिवसापासून ऐकलं आणि पाळलंही. सगळं घर मी माझ्या पद्धतीने लावलं, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, पण खिडकीखालचं ते टेबल मात्र तुमचं राहिलं. तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. इतके दिवस त्या खोलीचं दार मी लोटून ठेवलं होतं. काल शालू करमाडहून आली आणि म्हणाली, "मामी, आईचं टेबल दोघी मिळून आवरू. एकटीनं तुम्ही ते करणार नाही, आणि एकटीनं मलाही जमायचं नाही."

खण उघडला तर राळेचा वास आला. तुम्ही सोल्डरिंगचा शेवटचा डाग देऊन सहा-सात वर्षं झाली असतील, तरी वास तसाच होता. तांब्याच्या तारेची रिळं, तुमचा तो एक काडी तुटलेला चष्मा, आणि अगदी मागे, मेणकापडात गुंडाळलेली, करमाडच्या वायरलेस सेटची इंग्रजी पुस्तिका. तिच्यात एका पानावर खूण म्हणून अर्धी निळी पेन्सिल ठेवलेली होती.

त्या पानावरची गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. तुम्हाला ती माहीत होती, तरीही ती मी माझ्या तोंडाने तुम्हाला सांगायला हवी होती. आता सांगते आहे. याची एक प्रत मेलबर्नला मीरा आणि निखिललाही पाठवणार आहे, कारण माझ्या या नातवंडांना मी तुमच्याबद्दल एक चुकीची गोष्ट सांगत आले. त्यांना मधलं काही ठाऊक नाही, म्हणून तुम्हाला माहीत असलेलंही थोडं लिहिते. तुम्ही म्हणालच, "बी.ए., लई लांबण लावू नको."

लग्न होऊन मी पुण्याहून इथे औरंगाबादला आले तेव्हा तुम्ही खिडकीत बसून कॉईल गुंडाळत होता. बोटांत केसासारखी बारीक तार, ओठांवर उर्दू आकडे. मी वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "वन्सं, आशीर्वाद द्या." तुम्ही हात वर करून मला थांबवलं, शेवटचे चार वेढे मोजले, तार दाताने तोडली आणि मग म्हणालात, "वन्सं म्हणू नको बाई. वन्सं म्हटलं की मला आपोआप भांडावंसं वाटतं. आक्का म्हण." मी हसले. तुम्ही विचारलंत, "शिकलीस किती?" मी म्हटलं, "बी.ए. इंग्रजी घेऊन." त्या दिवसापासून मी तुमच्यासाठी बी.ए. झाले. माझं सुमन हे नाव तुम्ही फक्त लोकांसमोर वापरत होता.

तुमची शाळा सातवीत सुटली होती. सगळी उर्दूत झालेली. हैदराबादच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी शाळा बंद झाली, ती काही महिन्यांनी उघडली तेव्हा वडिलांनी तुम्हाला परत पाठवलं नाही. पुढे सोळाव्या वर्षी लग्न, चोविसाव्या वर्षी पाच वर्षांच्या शालूला घेऊन भावाच्या घरी. शहागंजातल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातले रशीदभाई तुम्हाला घरी कॉईल गुंडाळायला देत. शहरातले किती रेडिओ तुमच्या बोटांवर चालत होते ते रशीदभाईंनाच ठाऊक. काही वर्षांत ते कॉईलबरोबर बंद पडलेले रेडिओही पाठवू लागले. "आपा, तुमारे हात में जान है," ते म्हणायचे. "मेरे कू जो नै दिखता वो तुमारी उंगली कू दिखता."

रेडिओतल्या रेझिस्टरवर रंगांचे पट्टे असतात आणि प्रत्येक रंगाचा एक आकडा असतो. रेडिओवरच्या एका इंग्रजी पुस्तकात तो क्रम पाठ करण्याचं एक वाक्य होतं, ते मी मोठ्या उत्साहाने तुम्हाला शिकवायला आले. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "हे तुझ्याकडंच ठेव. माझं आहे माझ्याजवळ." आणि भिंतीकडे बघत म्हणून दाखवलंत, काजळ, कात, कुंकू, शेंदूर, हळद, पान, नीळ, वांगं, राख, चुना. शून्यापासून नऊपर्यंत. मी थक्क होऊन उभी राहिले. त्यानंतर कित्येक दुपारी आपल्या घरात "हळद-वांगं-कुंकू कुठं गेलं गं?" असा प्रश्न ऐकू येई आणि शेजारच्या बायकांना वाटे, आत मोठी पूजा चालली आहे.

मग शालूचं लग्न झालं. स्थळ चांगलं होतं, करमाडचं, घरची शेती, ट्रॅक्टर. व्याही तात्या जरा तापट, पण मनाने वाईट नव्हते. करमाड एसटीने तासाभरावर. पण तुम्ही तिथे जात नव्हता. लेकीला मूल होईपर्यंत आईने तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही रीत. तुम्ही म्हणायचात, "जाऊन पाणीसुद्धा घ्यायचं नाय, तर ती बिचारी तांब्या घेऊन उभी राहील नि मी नको म्हणंन. तिला लोकांपुढं असं कशाला उभं करायचं?" म्हणून जाणंच नको. शालू सणाला येई, दोन दिवसांत परत जाई. मधल्या काळात तिची पोस्टकार्डं येत. "मी मजेत आहे. काळजी नसावी."

एका दुपारी तुम्ही ती सगळी कार्डं पलंगावर ओळीने मांडलीत आणि मला हाक मारलीत.

"बी.ए., बघ. सगळी एकाच दिवशी लिहिल्यासारखी नाय वाटत?"

"आक्का, अक्षर एकाच माणसाचं आहे, म्हणून."

"अक्षराचं नाय म्हणत. माणूस रोज सारखाच मजेत असतो व्हय? मला तिचा आवाज पायजे. आवाजावरून मला कळतं."

गावात फोन एकच, ग्रामपंचायतीत, तोही पेटीत कुलपाखाली. त्या महिन्यात रशीदभाईंनी मुंबईच्या एका दुकानाचं कॅटलॉग आणलं. त्यात सीबी सेटचं किट होतं. सीबी म्हणजे साध्या नागरिकांना परवाना घेऊन आपसांत बोलता येईल असा वायरलेस. आपल्याकडे तेव्हा तो अगदीच नवा होता. सुटे भाग आणि इंग्रजी पुस्तिका पेटीतून येणार, बाकी सगळं घरी जोडायचं. रशीदभाई म्हणाले, "आपा, शहर में अब्बी किसी ने नै बनाया." तुम्ही तेवढ्यावरच दोन पेट्या मागवायला सांगितल्यात. एक आपल्या गच्चीसाठी, एक करमाडसाठी.

परवान्याचा अर्ज मी भरला. व्यवसायाच्या रकान्यापाशी थांबले तेव्हा हे म्हणाले, "गृहिणी लिही." तुम्ही ताड्कन म्हणालात, "का? कॉईल गुंडाळते असं लिही." मी लिहिलं, कॉईल वाइंडर. परवाना यायला आठ महिने लागले. त्या कागदावर तुमचं नाव इंग्रजीत छापलेलं होतं. तुम्हाला ते वाचता येत नव्हतं, तरी तुम्ही त्यावरून बोट फिरवलंत आणि विचारलंत, "हे मी का?" मी म्हटलं, "हो आक्का, हे तुम्ही."

आता मी त्या चुकीपाशी येते.

पुस्तिकेत कामाच्या छोट्या छोट्या सूचना होत्या, ओळीने आकडे घातलेल्या, आणि प्रत्येकीपुढे एक रिकामा चौकोन. तुम्ही त्यांना कलमं म्हणायचात. रोज दुपारी दोन ते चार मी वाचायचे, मराठीत सांगायचे, तुम्ही डाग द्यायचात. चौकोनात खूण करायचं काम माझं. हातात लाल-निळी पेन्सिल असायची, एका टोकाला लाल, दुसऱ्याला निळी. मी लाल वापरायचे. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं, की काम पुरं झाल्यावरच खूण करावी. मी ते वाचलं होतं. तुम्हाला सांगितलंही होतं. पण माझी कॉलेजपासूनची सवय अशी, की जिथवर वाचलं तिथवर खूण करायची. मी कलम वाचलं की लगेच खूण करत असे. तुम्ही मान खाली घालून डाग देत असायचात, आणि माझी खूण आणि तुमचा डाग यांत फार तर दोन-तीन मिनिटांचं अंतर असायचं. त्यामुळे कधी काही बिघडलं नाही.

करमाडच्या सेटचं सत्तेचाळिसावं कलम मी वाचलं आणि खूण केली, आणि लाइट गेली. सोल्डरिंग आयर्न गार पडलं. चार वाजून गेले तरी लाइट आली नाही, तेव्हा आपण आवरून उठलो. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, "कुठवर आलो?" मी खुणा बघितल्या आणि म्हणाले, "अठ्ठेचाळीस."

सत्तेचाळिसावं कलम होतं एरिअलच्या कॉईलचं एक टोक बाहेरच्या सॉकेटला जोडण्याचं. ते टोक तसंच मोकळं राहिलं. पण घरात सेट चालला. एक गच्चीत, एक स्वयंपाकघरात ठेवून आपण तासभर बोललो. इतक्या जवळून एरिअलशिवायही आवाज झिरपतो, हे मला पुढे कळलं.

गच्चीवरच्या त्या तासात आपलं पहिलं भांडण झालं. पुस्तिकेत लिहिलं होतं, की आपलं बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं आणि संभाषण संपलं की 'आउट'. तुम्हाला दोन्ही पटेनात. "घरातून निघताना कुणी 'जाते' म्हणतं का? 'येते' म्हणतात. मी आउट नाय म्हणायची." आणि ओव्हरच्या जागी तुम्ही सरळ 'बोल' म्हणायला लागलात. मी म्हटलं, "आक्का, हे नियमाला धरून नाही." तुम्ही म्हणालात, "नियम काय आहे? दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दाबून धरलं तर समोरचा काय बोलतो ते कधीच कळत नाय. म्हणून सोडायच्या आधी त्याला सांगायचं, बोल." हा वाद आपण पुढे कधीच मिटवला नाही. मी ओव्हर म्हणत राहिले, तुम्ही बोल म्हणत राहिलात.

सेट घेऊन करमाडला मी गेले. मामीला रीत आड येत नव्हती. तात्यांनी ट्रॅक्टरची बॅटरी काढून दिली, गड्यांनी माळवदावर वेळूला एरिअल बांधलं. बघायला अर्धा गाव जमला. मी बटण दाबून बोलले, सोडून ऐकलं. नुसती खरखर. पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. तासाभराने लोक हसायला लागले. तात्या म्हणाले, "बाईमाणसानं केलेला रेडिओ हाय. चारचौघांत बोलायला लाजतो." शालू दाराआड उभी होती. तिचा चेहरा मला दिसत होता. मी निघाले तेव्हा तात्यांनी स्पष्टच सांगितलं, "वहिनी, अजून एक डाव करा. न्हाई जमलं तर हे डबे पुन्हा आणू नका. पोरीचं घरात ध्यान लागू द्या."

म्हणजे तुमच्या हातात एकच खेप उरली होती. मी घरी येऊन हे सांगितलं. तुम्ही गच्चीवर जाऊन इकडचा सेट तपासून आलात आणि म्हणालात, "इकडचं बरोबर आहे. मी येते करमाडला."

"आणि पाणी?"

"माझं पाणी मी नेते."

तो दिवस मी विसरणार नाही. फिरकीचा तांब्या, फडक्यात दोन भाकरी, पिशवीत चुलीवर तापवायचं जुनं तांब्याचं सोल्डरिंग आयर्न आणि राळ. एसटीतून उतरून तुम्ही सरळ तात्यांच्या ओट्यावर बसलात. शालू तांब्या घेऊन आलीच. तुम्ही तिला तो मागे न्यायलाही लावला नाहीत. "तो असू दे तिथं. चूल पेटलेली आहे का? मग हे आत ठेव तापायला. तुझं पाणी चालत नाय, इस्तू चालतो." लोक हसले आणि शालूही हसली. त्या घरात ती मोकळं हसताना मी प्रथम पाहिली.

मग तुम्ही सेट उघडलात आणि मला म्हणालात, "वाच. पहिल्यापासून." मी वाचत गेले. एकेका कलमाला तुम्ही त्या जागेवर बोट टेकवून बघत होता, आणि जुळलं की पेन्सिलीच्या निळ्या टोकाने माझ्या लाल खुणेशेजारी एक खूण करत होता. तात्या ओट्याच्या कडेला बसून तंबाखू मळत होते. "चाळीस," मी म्हणाले. "एक्केचाळीस." सत्तेचाळीस वाचून झालं आणि तुमचं बोट थांबलं. मी वाकून बघितलं. कॉईलचं टोक मोकळं, आणि पुस्तिकेत चौकोनात माझी लाल खूण, अगदी नीटस.

तुम्ही मान वर करून माझ्याकडे बघितलंत. मला त्या क्षणी सगळं आठवलं, लाइट गेलेली दुपार, दुसऱ्या दिवशीचं माझं 'अठ्ठेचाळीस'.

"घावलं का काही?" तात्यांनी विचारलं.

"हौ," तुम्ही म्हणालात. "एक टोक जोडायचं राहिलं. माझ्या हातनं."

"म्हंजी तुमचीच चूक की!"

"माझीच. शालू, आण गं ते आयर्न."

मी शेजारी उभी होते आणि गप्प राहिले. आता विचार करते तर वाटतं, त्या घरात आणि आपल्याही घरात माझ्याकडे स्वतःचं असं एकच होतं, माझं इंग्रजी. तुमच्याजवळ हात होते. माझ्या वाचण्यात चूक निघाली असती तर माझ्यापाशी काय उरलं असतं? म्हणून मी गप्प राहिले. हे कारण आहे, सबब म्हणून सांगत नाही.

डाग दिलात, फुंकर मारलीत, उरलेली कलमं तपासून झाकण लावलंत. बटण दाबलंत आणि तुमच्या भावाला हाक मारलीत. "कोण आहे गच्चीवर? बोल." सोडलंत. आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चाललेल्या त्या पेटीतून यांचा आवाज आला, "आक्का, अगं किती वेळ! मी उन्हात उभा आहे!" ओट्यावर एकदम गलका झाला. तात्या उठून उभे राहिले, तंबाखू सांडली. "आयला, औरंगाबादहून?" तुम्ही म्हणालात, "औरंगाबादहूनच. खडकेश्वरातून. बोला तुम्ही पण. दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं." तात्यांनी बटण दाबलं आणि सोडायलाच विसरले.

निघताना तुम्ही तुमच्याच तांब्यातलं उरलेलं पाणी प्यालात.

त्यानंतर रोज संध्याकाळी पाच वाजता तुम्ही गच्चीवर. पहिल्याच दिवशी शालू म्हणाली, "आई, मी मजेत आहे," आणि तुम्ही बटण दाबून विचारलंत, "मग नाक का चोंदलंय? बोल." मग ती रडली, मग बोलली, सासूशी काहीतरी झालं होतं, मोठं नव्हतं, पण पोस्टकार्डावर मावणारं नव्हतं. तुम्ही उपदेश एका शब्दाचाही केला नाहीत. ऐकलंत, बोल म्हणालात, पुन्हा ऐकलंत. साताठ महिन्यांनी एका संध्याकाळी तिचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आधी तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "बी.ए., हिला दिवस गेलेत." मी विचारलं, तिने सांगितलं का? "नाय. सांगंल आता."

बाळ झालं आणि बारशाला तुम्ही करमाडचं पाणी प्यालात. तात्यांनी स्वतः भरून दिला पेला. तुम्ही तो एका दमात संपवलात आणि म्हणालात, "गोड आहे. उगाच इतकी वर्षं तहानलेली राहिले."

त्याच बारशाला माझ्याकडून दुसरी चूक झाली, आणि मला ती पहिलीपेक्षा मोठी वाटते. पंगतीत तात्यांनी त्या मुक्या रेडिओची गोष्ट काढली. सगळे हसत होते. एक बाई मला म्हणाल्या, "अहो, पण राहिलं कसं जोडायचं?" आणि मी, कुणी गळ्यावर सुरी ठेवली नसताना, म्हणाले, "आक्का जरा घाईत होत्या." तुम्ही समोर वाढत होता. तुमच्या हातातली पळी थांबली नाही. तुम्हीही हसलात. "व्हय बाई, घाईच नडली."

पुढे ती गोष्ट घरातली लाडकी गोष्ट झाली. घाईवाल्या आक्का आणि मुका रेडिओ. मी ती प्रत्येक लग्नात सांगितली. मुलांना सांगितली, मीरा-निखिलला फोनवर सांगितली. मीरा तर लहानपणी म्हणायची, "आजी, घाईवाल्या आक्काआजीची गोष्ट सांग." वेढे मोजताना शालूला बघायला नवऱ्यामुलाकडची माणसं दारात आली तरी मान वर न करणारी बाई तुम्ही. घाई तुमच्या अंगात नव्हती.

तुम्ही मला एकदाही बोलला नाहीत. फक्त करमाडहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी ती लाल-निळी पेन्सिल घेतलीत, करवतीने मधोमध कापलीत, लाल अर्धी माझ्यापुढे ठेवलीत आणि निळी स्वतःकडे. "वाचलं की तू लाल करायचं. जोडलं की मी निळं. दोन्ही असल्याबगर पुढं जायचं नाय." पुढे आपण किती सेट जोडले, रशीदभाईंचे, कन्नडच्या डॉक्टरांचे, पैठणच्या त्या दोघा भावांचे, प्रत्येक चौकोनात दोन खुणा आहेत. लोक म्हणायचे, आक्कांचा सेट पहिल्या बटणाला बोलतो. मी ऐकून खूश व्हायचे आणि आतून ओशाळायचे.

आणि एक वाक्य होतं तुमचं. मी पेपरमधली एखादी बातमी वाचून तावातावाने बोलायला लागले, किंवा आहारावरचा लेख वाचून दुसऱ्या दिवशी साखर सोडणार असं जाहीर केलं, की तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणायचात, "वाचलं म्हंजी झालं व्हय, बी.ए.?" मी म्हणायचे, वाचण्यापासूनच सुरुवात होते आक्का. तुम्ही म्हणायचात, हौ, सुरुवात होते. वाद तिथेच थांबायचा. त्या प्रत्येक वेळी तुम्ही मला एक दार उघडून देत होता का? मला तसं वाटायचं. मी आत गेले नाही.

काल शालू पुस्तिका चाळत होती. तिचेही केस आता पांढरे झाले आहेत. ती म्हणाली, "मामी, सगळ्या कलमांना लाल आणि निळी खूण आहे. या सत्तेचाळीसलाच निळी का नाही?"

मी बघितलं. खरंच नव्हती. डाग दिलात, अठ्ठेचाळीसपासून पुढे पुन्हा निळ्या खुणा केल्यात, पण तो एक चौकोन तसाच ठेवलात, माझी एकटीची लाल खूण असलेला. आणि त्याच पानात अर्धी पेन्सिल.

मी शालूला सगळं सांगितलं. लाइट गेल्यापासून पंगतीतल्या वाक्यापर्यंत. ती ऐकत होती. मला वाटलं होतं ती म्हणेल, "आईनं मला सांगितलं होतं." तसं म्हणाली असती तर मला जरा हलकं वाटलं असतं. ती म्हणाली, "मला ठाऊकच नव्हतं. आई एका शब्दानं बोलली नाही." मग पुस्तिकेकडे बघत, "चाळीस वर्षं आम्ही तिला हसलो, मामी."

ती उठून आत गेली. मला वाटलं आता पिशवी भरेल आणि साडेचारची एसटी धरेल. ती पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली, माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "घ्या." मी तो दोन्ही हातांनी घेतला आणि शेवटपर्यंत प्यायले.

ती गेल्यावर मी रबर घेऊन माझी लाल खूण खोडायला बसले. लाल पेन्सिल खोडली जात नाही, आक्का. कागद फाटायला लागला तेव्हा थांबले. निळी खूण करायचा मोह झाला, पण ती तुमची आहे, मी करणार नाही. मग पेन घेऊन त्या ओळीखाली मराठीत लिहिलं, 'हे कलम सुमनने वाचलं आणि न झालेल्या कामावर खूण केली. जोडलं आक्कांनी.' मीरा आणि निखिल, या पानाचा फोटो सोबत पाठवते आहे. यापुढे ती गोष्ट सांगायची झाली तर अशी सांगा.

इतकी वर्षं बटण मीच दाबून धरलं होतं, आक्का. माझं सांगून झालं. आता सोडते.

बोला.